दार नसलेली गाडी

४ फेब्रुवारी

ताई,

पोचलो. बोटीत मला दोनदा उलटी झाली आणि हे मात्र कठड्याला टेकून सगळ्या प्रवाशांशी गप्पा मारत होते. इथे फोनची तार मागच्या वादळात तुटली ती अजून तशीच आहे. टपालाची बोट आठवड्यातून दोनदा येते, तेव्हा पत्रावरच भागवायचं. तुझ्या पायाचं प्लॅस्टर कधी निघणार ते कळव.

राहायची जागा बंदरापासून लांब, बेटाच्या पलीकडच्या अंगाला आहे. एक खोली, वर पत्रा, मच्छरदाणीचा पलंग, तोंड धुवायचं भांडं बाहेर नारळाच्या झाडाला टांगलेलं. मालकीणबाई शेजारीच राहतात. इकडे यायला बस नाही. आठवड्याला सामानाचा टेम्पो येतो, नाहीतर आपली गाडी आपण आणायची. यांना तेच तर हवं होतं. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी, एकदा उघड्या गाडीतून एका बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने फेरी मारायची.

गाडी बंदरावरच्या गॅरेजमधून भाड्याने घेतली. गॅरेजवाली बाई दातांत स्क्रू धरूनच बोलते. गाडीला छप्पर नाही ते ठीक, पण ताई, दारंसुद्धा नाहीत. दाराच्या जागी एक पट्टा अडकवायचा, पिशवीचा असतो तसला. मी म्हटलं, "अहो बाई, वळणावर माणूस बाहेर पडला तर?" ती म्हणाली, "पडत नाही कुणी. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा आणि जात राहायचं. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही."

डावा हात म्हणजे माझी बाजू. सबंध रस्ता मी सीटच्या कडेला नखं रुतवून बसले होते. खाली पाहिलं की रस्ता पळताना दिसतो, आणि रस्ता संपतो तिथे काहीच नाही, एकदम खाली पाणी.

एक गंमत झाली. एका जागी रस्ता फुटतो, एक फाटा आत जातो. तिथे यांनी गाडी थांबवली आणि दोन्ही रस्त्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग मला म्हणाले, "आपण आत्ता निघालोय की परत चाललोय?" मला हसूच आलं. तेही हसले.

तुला एक विचारायचं होतं. तू एवढ्या लोकांना गाडी शिकवतेस म्हणून. चालती गाडी शेजारी बसलेल्या माणसाला बंद करता येते का? सहज विचारतेय.

तुझी,
ठमी

८ फेब्रुवारी

ठमे,

प्लॅस्टर निघायला अजून वेळ आहे. शिकाऊ उमेदवार गेट चुकवून माझा पाय चुकवायला विसरला, त्याची शिक्षा मी भोगतेय. तो रोज येऊन माफी मागतो आणि जाताना विचारतो, परीक्षेला कधी बसवताय. क्लास सध्या खुर्चीत बसून चालवते. अंगणात खडूने रस्ता आखलाय, त्यावरून पोरं रिकाम्या हाताने स्टिअरिंग फिरवत चालतात. शेजारचे कुंपणावर रेलून बघतात.

आता तुझं. तुला मी गाडी शिकवायला बसवलं होतं तेव्हा पहिला गिअर पडायच्या आत तू उतरून घरी चालत गेली होतीस. आणि आज चालती गाडी बंद कशी करायची ते विचारतेस, वर म्हणतेस सहज. भांडलात ना? माझी खात्री आहे. तुझे बिनडिग्रीचे डॉक्टरसाहेब हौसेने गाडी पळवत असणार आणि तू "हळू, हळू" म्हणून त्यांचं डोकं खात असणार. अगं, सगळा जन्म त्या माणसाने औषधाच्या दुकानात गोळ्या मोजल्या. दुकान विकून आत्ता कुठे मोकळा झालाय. चार दिवस वारा लागू दे की त्याला.

तरी विचारलंस म्हणून सांगते. चावी फिरवून गाडी बंद करायची नाही, स्टिअरिंग अडकेल आणि सरळ खाली जाल. दोन सीटच्या मधे हँडब्रेक असतो. तो हळूहळू, दमादमाने ओढायचा. झटका दिलास तर गाडी फिरेल. पण ही वेळ येत नाही. शेजारच्याने एवढंच करायचं, तोंड बंद ठेवायचं.

चांगले फोटो काढ. त्यांना म्हणावं, माझ्या बहिणीला पाण्यात पाडलंत तर माझ्याशी गाठ आहे.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. घरात कुणाला बोलू नकोस.

परवा आम्ही उत्तरेकडच्या कड्यावर गेलो होतो. तिथे डोंगर कापून रस्ता काढलाय, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. कठडा म्हणून चुना लावलेले दगड. हे चांगल्या मजेत होते, गुणगुणत होते. वळण आलं आणि यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. सावकाश, एक काच, मग दुसरी काच, काउंटरच्या मागे उभं राहून पुसायचे तसा. पाय तसाच दाबलेला. गाडी पळतेय आणि पुढे रस्ता वळतोय.

आडवी होऊन स्टिअरिंग ओढलं मी. गाडी डोंगराला घासत गेली आणि थांबली. पट्टा माझ्या पोटात रुतला होता. हे माझ्याकडे वळून एकदम हळू आवाजात म्हणाले, "अगं, कुणी गिऱ्हाईक थांबलंय का?"

मी म्हटलं, "नाही. कुणी नाही."

मग चष्मा लावला, मागे पुढे करून गाडी सरळ केली, आणि खोलीपर्यंत अशी आणली की तूसुद्धा नावं ठेवली नसतीस. जेवताना मला म्हणाले, आज आपण कुठे बाहेर गेलोच नाही.

दुकान थकव्यामुळे विकलं नाही. वर्षापूर्वी एका आजींना रक्तदाबाच्या गोळ्यांच्या जागी झोपेच्या दिल्या यांनी. मी पाहिलं म्हणून रस्त्यात गाठून बदलून आणल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. मग मी कंबर दुखण्याचं निमित्त केलं, उभं राहवत नाही म्हटलं, आणि यांनी माझ्यासाठी दुकान विकलं. यांना अजून वाटतं माझी कंबर गेलीय. मला वाटलं होतं, दगदग संपली की माणूस ताळ्यावर येईल.

आता मी चावी लपवलीय. पावडरच्या डब्यात. काल यांनी सगळी खोली उलथीपालथी केली, गादी उचलून पाहिली, बुटात हात घालून पाहिलं. मला विचारलं, "तू पाहिलीस का?" मी नाही म्हटलं. तर म्हणतात, "मग मीच कुठेतरी टाकली. हल्ली माझं काही खरं नाही." एवढं बोलून पलंगाच्या कडेवर बसून राहिले. त्या वेळी डबा उघडून चावी त्यांच्या हातात ठेवावीशी वाटली मला.

यांना काही कळता कामा नये. कळलं तर हा माणूस मोडून पडेल. पण गाडी बंदरावर परत न्यायची आहे, आणि न्यायला आमच्या दोघांत तेच एक आहेत. रात्री वारा सुटला आणि नुसती ती बाहेर उभी असलेली गाडी करकरली तरी मी उठून पावडरचा डबा चाचपून पाहते.

ठमी

१६ फेब्रुवारी

ठमे,

मागच्या पत्रात मी जे बरळले ते विसर. पाय असता तर पहिल्या बोटीने आले असते. खुर्चीतून उठायला गेले, पडले, पुन्हा बसले. एवढीच माझी मर्दुमकी.

आता मी सांगते तसं कर. त्यांच्या शेजारी त्या गाडीत पुन्हा बसायचं नाही. एकदाही नाही. ते कितीही चांगले वाटले, कितीही गोड बोलले तरी नाही. सामानाचा टेम्पो येतो म्हणालीस ना? मालकीणबाईंना सांगून त्यात दोन माणसांची जागा धर. गाडी तिथेच राहू दे, गॅरेजवाली कुणालातरी पाठवून नेईल. बंदरावर पोचलात की मिळेल त्या बोटीने घरी या. इथे आलात की चांगल्या डॉक्टरला दाखवू. सोबत मी असेन, प्लॅस्टर असो की नसो.

आणखी एक. मला नाही म्हणू नकोस. ते दुपारी झोपतात ना? तेव्हा गाडीत जाऊन बस, उजवीकडच्या सीटवर. चावी लावायची नाही. नुसते पाय ठेव. डाव्या पायाखाली क्लच. उजव्या पायाला दोन, मधला ब्रेक, कडेचा ॲक्सिलरेटर. क्लच पूर्ण दाब, पहिला गिअर टाक, ॲक्सिलरेटर थोडा दाब, आणि क्लच सोड. लोणी काढतात तसा अलगद सोड. हे रोज कर. पाठ झालं पाहिजे. मला माहीत आहे तुला भीती वाटते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाटते. ज्याला वाटत नाही तोच माझ्या पायावर गाडी घालतो.

कधी लागणार नाही असं समजूनच शीक.

खरं सांगू, तुझं पत्र आल्यापासून मला झोप नाही. डोळे मिटले की त्या कड्यावर हात सोडून चष्मा पुसताना ते दिसतात मला.

ताई

१९ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. आज सकाळ चांगली आहे. डोकं स्वच्छ आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

तुमचं मागचं पत्र टपालवाल्याने माझ्या हातात दिलं. तुमचं अक्षर पाहून मी ते उघडलं. वाटलं, नेहमीसारखी माझी थट्टा असेल. वाचून झाल्यावर पाकीट पुन्हा चिकटवलं आणि टेबलावर ठेवून दिलं. तिला कळलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचलं याबद्दल क्षमा मागतो, पण वाचलं ते बरं झालं.

मला माहीत आहे, ताई. दुकानातल्या गोळ्यांचंही माहीत आहे आणि तिच्या कंबरेचंही. ती दुखणारी कंबर घेऊन टोपलीभर ओले कपडे उचलते. मी बोललो नाही. ती मला वाचवतेय, तर तिच्या हातून ते काम काढून का घ्यायचं? चावी पावडरच्या डब्यात आहे. मी त्या दिवशी मुद्दाम गादीखाली शोधत बसलो. डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कड्यावरचं मात्र मला आठवत नाही. तुमच्या पत्रात "चष्मा" वाचलं आणि नंतर गाडीच्या कुशीवरचा ओरखडा पाहिला. हात लावून पाहिला. तो मी केलाय, आणि मी तिथे नव्हतो. याची जी भीती वाटते ती कशी सांगू? समुद्राची नाही वाटत, मरणाची नाही वाटत. ती शेजारी बसलेली असेल आणि मी नसेन, याची वाटते.

पत्र आल्यापासून दुपारी मी झोपेचं सोंग घेतो आणि खिडकीतून पाहतो. ती गाडीत बसते, ओठ हलत असतात, पाढे पाठ करणाऱ्या मुलीसारखे. काल गिअर चुकला तेव्हा तिने स्वतःच्याच हातावर चापट मारली.

मी ठरवलंय, ती गाडी पुन्हा चालवायची नाही. तुम्हाला शब्द देतो. टेम्पो आला की निघू. तोवर तिला कळू देऊ नका की मला कळलंय. तिला वाटू दे की मला काही माहीत नाही.

आपला,
घरातला औषधवाला

२१ फेब्रुवारी

ताई,

आम्ही जिवंत आहोत. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

काल सकाळी मी नारळाच्या झाडाखाली कपडे पिळत होते आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. धावत गेले तर हे आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून गाडीत बसलेले. पावडरचा डबा दारात उघडा पडलेला. मी म्हटलं, "कुठे निघालात?" तर म्हणाले, "दुकान उघडायला उशीर झालाय. चल, बस लवकर."

तू सांगितलं होतंस, बसायचं नाही. मला आठवलं ते, ताई. पण गाडी हलली होती. मी नसते चढले तर ते एकटे गेले असते. मी पट्ट्याखालून आत घुसले. ओला टॉवेल हातातच होता.

कड्याचा रस्ता दुसऱ्या बाजूला राहिला म्हणून देवाचे आभार मानले. पण बंदराकडे जाताना एक सखल पट्टा लागतो. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधून दगडांचा रस्ता. भरतीला त्यावर पाणी येतं, हे मालकीणबाईंनी आल्या दिवशीच बजावलं होतं. आम्ही तिथे शिरलो तेव्हा कडेचे दगड ओले झाले होते. मी हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते. ओढावा तर पाण्यात अडकू, न ओढावा तर हे कुठे नेतील कोण जाणे.

बरोबर मधे आल्यावर यांनी गाडी थांबवली. इंजिन आचका देऊन बंद पडलं. हे आपल्या हातांकडे पाहत बसले. मग गिअरच्या दांड्याला बोट लावून म्हणाले, "हे काय आहे?"

ताई, मला सगळ्या जन्मात अशी भीती वाटली नाही. पाणी चाकांना लागत होतं. कुठे चिटपाखरू नव्हतं. माझ्याकडे पाहिलं यांनी, आणि त्यांच्या डोळ्यांत मी होते की नव्हते तेही मला कळेना. ते घाबरले. पट्टा सोडून पाण्यात उतरायला लागले. मी सदरा धरला, बटणं तुटली. "बसा" म्हटलं तर ऐकेनात. ओढाओढीत माझा हात लागून चष्मा खाली पडला.

मग मला काय सुचलं कोण जाणे. दुकानात दुपारच्या वेळी मी म्हणायचे त्याच आवाजात म्हटलं, "अहो, सरका जरा. काउंटरवर आता मी बसते. तुम्ही आत जाऊन पडा."

आणि ते सरकले. काही न बोलता, शहाण्यासारखे माझ्या जागी जाऊन बसले. मी चष्मा शोधून त्यांच्या डोळ्यांवर लावला आणि त्यांचा पट्टा अडकवला.

गाडी तीनदा बंद पडली. मी मोठ्याने म्हणत होते, क्लच, गिअर, थोडा दाब, अलगद सोड. अलगद कसलं, नुसता पाय पडत होता. चौथ्या वेळेला हलली. पाणी दोन्ही बाजूंनी उडत होतं, रस्ता दिसत नव्हता, नुसती दगडांची टोकं दिसत होती. मी त्यांच्यामधे गाडी धरली आणि पुढे पाहत राहिले. शेजारी पाहिलं असतं तर पाय उचलला गेला असता.

पाण्यातला रस्ता संपला तरी थांबायची हिंमत झाली नाही. थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही असं वाटत होतं. बंदरापर्यंत पहिल्या गिअरमधे आले. गाडी एवढी ओरडत होती की गॅरेजवाली दातांतले स्क्रू हातात घेऊन बाहेर आली. म्हणाली, "बाई, दुसरा गिअर नावाचीही एक वस्तू असते." मी उतरले आणि तिच्या गळ्यात पडून रडले. ती बिचारी काळे हात लांब धरून उभी राहिली.

तिनेच गॅरेजच्या माडीवर खोली दिलीय. आमचं सामान टेम्पोतून येईल. माणसांची बोट यायला अजून दहा दिवस आहेत. यांना कालचं काही आठवत नाही. सदऱ्याची बटणं कुठे गेली म्हणून विचारतात. मी सांगितलं, धोब्याने तोडली.

ठमी

२५ फेब्रुवारी

ठमे आणि डॉक्टरसाहेब,

हे पत्र दोघांना मिळून आहे. दोघं शेजारी बसा. डॉक्टरसाहेबांनी मोठ्याने वाचायचं आणि ठमीने मधे बोलायचं नाही.

तुम्ही दोघांनी मला शब्दात बांधलंत. हिला कळू देऊ नका, त्यांना कळता कामा नये. तुमच्या दोघांची पत्रं एकाच दिवशी माझ्या हातात आली. आधी डॉक्टरसाहेबांचं वाचलं आणि मला हायसं वाटलं, सुटले म्हटलं. मग ठमीचं उघडलं. ते संपलं तसा हा कागद ओढला.

मी दोघांचाही शब्द मोडतेय.

ठमे, त्यांना सगळं माहीत आहे. गोळ्यांचं, कंबरेचं, डब्याचं. तू दुपारी गाडीत बसायचीस तेव्हा ते जागे असायचे. डॉक्टरसाहेब, गाडी पुन्हा चालवायची नाही हे तुम्ही एकोणीस तारखेला मला लिहिलंत आणि वीस तारखेला चालवलीत. भर पाण्यात. तिथून तुम्हाला ठमीने बाहेर आणलं. सदऱ्याची बटणं धोब्याने तोडली नाहीत.

तुम्ही लबाडी केलीत असं मी म्हणत नाही. तुम्हाला ते आठवलंच नाही. पण म्हणूनच एकट्याने ठरवून आता भागायचं नाही. तुम्ही ठरवाल ते लक्षात ठेवायला दुसरं माणूस लागेल. आणि ठमी काय सोसतेय ते बोलायला माणूस लागेल. दोघं एका खोलीत बसून एकमेकांपासून लपवताय आणि दोघं घाबरून मला लिहिताय. मी एवढ्या लांब, मोडक्या पायाची. मी काय करणार?

एकमेकांना सांगा. मग बोटीत बसा. धक्क्यावर मी कुबड्या घेऊन उभी असेन.

ताई

१ मार्च

ताई,

बोट परवा आहे, पण टपाल आज जातंय, म्हणून चार ओळी.

तुझं पत्र मी फोडलं. पहिली ओळ वाचून त्यांच्या हातात दिलं. खाली गॅरेजमधे कुणीतरी पत्रा ठोकत होतं, म्हणून त्यांनी खिडकी लावली आणि वाचायला सुरुवात केली. "भर पाण्यात" इथपर्यंत वाचलं आणि आवाज अडला. पुढचं त्यांनी मनातल्या मनात वाचलं. मी तोंडाकडे पाहत होते. आता मोडेल हा माणूस, आता मोडेल, असं वाटत होतं मला.

पत्र टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "तुला माझी भीती वाटते का?"

मी आधी नाही म्हणणार होते. मग म्हटलं, "हो. वाटते."

"मलाही वाटते," ते म्हणाले. "तू उठून निघून का गेली नाहीस?" मी म्हटलं, जाणार कुठे, मला दुसरा गिअर येत नाही. तेव्हा ते हसले, आणि हसताहसता रडायला लागले, आणि मग मीही.

भीती गेलेली नाही, ताई. रात्री ते उठले की मी उठते. पण आता ते उठताना मला सांगतात, "मी उठतोय."

संध्याकाळी ते पत्र टेबलावर दिसलं तेव्हा त्यांनी ते उचललं आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागले. त्यांच्या लेखी ते पहिल्यांदाच वाचत होते. मला ते लगेच कळलं. पत्र काढून घ्यावं असं एकदा मनात आलं, पण मी शेजारी जाऊन बसले. आवाज त्याच ओळीला अडला. खाली मान घालून बसले, मग त्यांनी मला तेच विचारलं, आणि मीही तेच सांगितलं. माझा हात दोन्ही वेळेला त्यांनी धरला होता, दुसऱ्या वेळेला जास्त घट्ट.

ठमी